पाण्यात उतरणारं भांडं

ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं. हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं आहे की ‘कळकणं’ हा शब्द मला चवीसकट आठवतो. जिभेच्या कडांना जाणवणारी ती तुरट, नकोशी झाक. म्हणून पितळी पातेल्यांना कल्हई व्हायची. दारात भाता लागायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कथिलाचा चकचकीत थर पातेल्याच्या आतून फिरायचा. लोणच्याच्या वाट्याला मात्र कल्हईचं भांडंही यायचं नाही. ते चिनी मातीच्या बरणीतच, वर दादरा बांधून. खार आणि धातू यांची गाठ घालायची नाही, हे स्वयंपाकघराला रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

हे सगळं आठवलं ते एका ओळखीच्या काकूंच्या घरी, शंभर लिटरच्या समुद्रासमोर बसलो असताना. बैठकीच्या खोलीत काचेची टाकी. तीत केशरी-पांढऱ्या क्लाऊनफिशची जोडी, पाठीवर लाल-पांढरा पट्टा मिरवणारी एक क्लीनर श्रिम्प म्हणजे सफाई करणारी कोळंबी, काही शंख आणि दोन हर्मिट खेकडे. मासे ठणठणीत होते. पण आधी काचेवरचे शंख एकेक करून सुटून तळाला पडले, मग एक खेकडा शंखातून बाहेर येऊन मेला आणि शेवटी कोळंबी कात टाकताना अर्ध्यातच गेली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारटपणा अगदी हवा तितका. सगळी तपासणी निर्दोष.

मी विचारलं, “वाफ होऊन रोज जेवढं पाणी कमी होतं, ते तुम्ही कशातून भरता?”

काकूंनी स्वयंपाकघरात बोट दाखवलं. ओट्याशेजारी तांब्याचा घासून लखलखीत केलेला हंडा होता, आणि त्यात आरओचं पाणी. “अहो, आम्ही पितो तेच पाणी घालतो त्यांना,” त्या म्हणाल्या. त्यात फक्त माया होती.

काकूंचं चुकलं नव्हतं. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात जुलाबाचे जंतू टिकत नाहीत, हे बंगळूर आणि कोलकात्याच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे १७७ मायक्रोग्रॅम तांबं उतरलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. माणसासाठी १७७ हा आकडा अगदी निर्धास्त.

आता हाच आकडा समुद्रात नेऊन पाहा. मोकळ्या महासागराच्या पृष्ठभागाजवळ तांबं असतं लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग झाला की त्यांना वेगळ्या टाकीत नेऊन मोजून तांबं देतात, आणि ती मात्रा असते लिटरला साधारण १५० ते २०० मायक्रोग्रॅम. मासे ती सोसतात. परजीवी मरतात, आणि त्या पाण्यात कोळंबी, शंख, खेकडे असतील तर तेही मरतात. म्हणजे रात्रभर हंड्यात ठेवलेलं, आपण कौतुकानं पितो ते पाणी समुद्री जिवांच्या औषधाच्या मात्रेवर नेमकं येऊन थांबतं.

त्यात आणखी एक मेख आहे. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. तांबं उडून जात नाही. रोज दोन लिटर वरचं पाणी घातलं, तर रोज सुमारे ३५० मायक्रोग्रॅम तांबं आत जातं. शंभर लिटरमध्ये पसरलं तर लिटरमागे जेमतेम साडेतीन. क्षुल्लक! पण पंचेचाळीस दिवसांनी ते दीडशेच्या पुढे जातं. काही हिस्सा चुनखडी दगडांना चिकटतो, तो पुढे सावकाश सुटत राहतो. पहिला शंख पडला तो सहाव्या आठवड्यात. वही समोर ओढून मी ते गणित मांडलं, तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो.

*

या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट कोळंबीच्या रक्तात आहे. आपलं रक्त लाल, कारण प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोखंड करतं. कोळंबी, खेकडे आणि कितीतरी शंखांच्या रक्तात ते काम तांबं करतं. त्या प्रथिनाचं नाव हिमोसायनिन. प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं. तांब्यावाचून हा जीव श्वासच घेऊ शकत नाही आणि मोकळ्या तांब्यानं मरतो. समुद्रात तांबं अतिशय दुर्मीळ. ते कणाकणानं टिपून, प्रथिनात घट्ट बांधून ठेवण्यासाठी हे शरीर घडलेलं आहे. तेच तांबं बेबंद होऊन चहूबाजूंनी येऊ लागलं की कल्ल्यांमधली क्षारांचा तोल राखणारी व्यवस्था ते मोडून टाकतं.

माणसानं हा गुण फार पूर्वी हेरला, पण उलट्या कामासाठी. लाकडी जहाजांचे तळ समुद्रकिडा पोखरायचा, वर शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं चढायची. १७६१ साली ब्रिटिश आरमारानं ‘अलार्म’ नावाच्या फ्रिगेटचा तळ तांब्याच्या पत्र्यानं मढवला. किडा थांबला, तळ स्वच्छ राहिला. पण दोन वर्षांनी पाहतात तो तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेलेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि त्यातला एक झिजतो.

पुढची गोष्ट तर याहून सुंदर. तांब्याचे पत्रेही सावकाश झिजत होते, ते थांबवण्याचं काम हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे आलं. १८२४ साली त्यानं तोड काढली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे झिजतील ते तुकडे आणि तांबं वाचेल. तांबं खरोखरच वाचलं. आणि वाचलेल्या त्या झळझळीत तांब्यावर शेवाळ आणि शिंपले मजेत वाढू लागले! जहाजं मंदावली, आरमारानं उपाय गुंडाळून ठेवला. अपयशातून डेव्हीनं एक गोष्ट मात्र पक्की दाखवून दिली. जीव मारत होता तो पाण्यात विरघळत जाणारा, डोळ्यांना न दिसणारा तांब्याचा अंश. भांडं शाबूत दिसतं म्हणून ते पाण्यात उतरलेलं नाही, असं समजता येत नाही.

*

समुद्राचं पाणी म्हणजे काय, हेही जरा थांबून पाहायला हवं. एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. ‘चॅलेंजर’ जहाजानं १८७२ ते १८७६ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून जगभरच्या समुद्रांचं पाणी आणलं. विल्यम डिटमार यानं त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ साली लिहिलं, की पाणी कुठलंही असो, खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. आज आपण पुडक्यातलं मीठ आरओच्या पाण्यात घोळून घरी समुद्र तयार करतो, तो या शोधाच्या जिवावर. पावसाळ्यात मुंबईचा किनारा गढूळ होतो, खाड्यांचं पाणी गोडसर होतं. घरातला समुद्र बाराही महिने एकसारखा ठेवता येतो.

पण हेच पाणी साठवणुकीला अवघड. क्लोराइड धातूला कुरतडतं. स्टेनलेस स्टीलवर जो पातळ संरक्षक पापुद्रा असतो, त्यालाही ते बारीक छिद्रं पाडतं. म्हणून ‘स्टील गंजत नाही’ या भरवशावर स्टीलच्या पिंपात खारं पाणी साठवू नये. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली तर पूर्ण वर्ज्य, कारण जस्तही या जिवांना घातक.

आणि गोडं पाणी? आरओ आणि त्यापुढच्या डीआय म्हणजे उरलेसुरले आयन काढणाऱ्या फिल्टरमधून निघालेल्या पाण्यात जवळपास काहीच उरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्ल होतं, पीएच साडेपाच-पावणेसहाच्या आसपास येतो. असं पाणी भुकेलेलं असतं, जिथे ठेवाल तिथून काही ना काही घेतं. सोसायटीच्या टाकीतून, नळातून जे काही आलं ते फिल्टर अडवतो. फिल्टरनंतर मात्र राखणदार उरत नाही. पिंप, नळी, तोटी, मोटर यांतून जे सुटेल ते थेट कोळंबीपर्यंत पोहोचतं. साठवणाचं भांडं निवडताना एवढा जीव का टाकायचा, तो यासाठी.

*

मग ठेवायचं कशात?

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाची इंग्रज बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन गेली, ते दगडी बरणीत. म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जवळच्या नात्यातल्या, भट्टीत काचेसारख्या पक्क्या भाजलेल्या मातीच्या भांड्यात. घरी प्रवाळ काचेच्या भांड्यांत ठेवले आणि पाणी ताजं राहावं म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची. घरगुती समुद्राचा इतिहास असा बरणीतून सुरू होतो, आणि काच आजही या कामाला सर्वांत निर्धोक आहे. मात्र शंभर लिटरची काच उचलायची कशी? आणि रंगीत चकाकीच्या शोभेच्या मातीच्या भांड्यांत शिसं असू शकतं, ती नकोतच.

उत्तर निघालं एका फसलेल्या प्रयोगातून. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच इथे गिब्सन आणि फॉसेट हे दोघं इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन वेगळीच अभिक्रिया घडवू पाहत होते. ती घडली नाही, भांड्याच्या आत मेणासारखा पांढरा थर मात्र मिळाला. ते पॉलिथिन. पुढे १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यानं कमी दाबाखाली त्याच्या सरळ, दाट बसणाऱ्या साखळ्या तयार केल्या. आपण ज्याला एचडीपीई म्हणतो ते हेच. फक्त कार्बन आणि हायड्रोजन, हजारो वेळा गुंफलेले. मीठ याला खाऊ शकत नाही, सौम्य आम्लाचं याच्यापुढे चालत नाही. वायूपासून केलेली, पडली तरी न फुटणारी बरणी! मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

पण पॉलिथिन नुसतं पॉलिथिन म्हणून बाजारात येतं असं नाही. रंग, मऊपणा आणणारी द्रव्यं, जंतुनाशकं, भंगारातून पुन्हा वितळवलेला माल, हे सगळं प्लास्टिकच्या पोटात असू शकतं. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन कर्करोगाच्या अशा पेशींवर काम करत होते, ज्या इस्ट्रोजेन हे संप्रेरक मिळालं तरच वाढतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकाएकी सगळ्याच तबकांतल्या पेशी वाढू लागल्या, ज्यांना इस्ट्रोजेनचा थेंबही दिला नव्हता त्यासुद्धा. महिनोन् महिने एकेक वस्तू बदलून पाहिल्यावर गुन्हेगार सापडला. ज्या प्लास्टिकच्या नळ्यांत द्रव साठवला होता, त्यांच्या उत्पादकानं मिश्रण बदललं होतं आणि त्यातून नोनिलफिनॉल झिरपत होतं. पेशींना ते संप्रेरकासारखं वाटलं. नळ्या दिसायला पहिल्यासारख्याच होत्या.

म्हणून आता दुकानात गेलात की पिंप पालथं करा. तळाला बाणांचा छोटा त्रिकोण उठवलेला असतो, त्यात आकडा. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे दोन चांगले. ३ म्हणजे पीव्हीसी. पाण्याचे कडक पाइप त्याचेच असतात आणि पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचे असतील तर चालतात. मऊ, लवचीक पीव्हीसी नको, कारण ते मऊ ठेवायला जी तेलकट द्रव्यं घातलेली असतात ती हळूहळू बाहेर येतात. बागेच्या नळीचा नवा असतानाचा वास आठवा, तो याच कुळातला. नळी सिलिकॉनची घ्यावी. ७ हा ‘इतर सगळे’ असा गठ्ठा आहे, त्यातून काही कळत नाही.

पण त्रिकोण सांगतो फक्त प्लास्टिकची जात. आत काय मिसळलं आहे ते सांगत नाही. त्यासाठी पेला आणि काट्याचं चित्र शोधा, ते अन्नासाठी चालणाऱ्या भांड्यांवर असतं. ‘फूड ग्रेड’ असं लिहिलेलं असावं. मोठी टाकी घेणार असाल तर पाण्याच्या पॉलिथिन टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानक आहे, त्याचा आयएसआय शिक्का पाहा. जंतुनाशक थर असल्याची जाहिरात असलेली टाकी मुद्दाम टाळा. टाकीतला सगळा संसार उपयोगी जंतूंच्या जिवावर चालतो आणि तो थर कशाचा, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. काळपट-करड्या किंवा भडक रंगाच्या, उग्र वासाच्या स्वस्त बादल्या भंगार मालाच्या असू शकतात. झाकण लावून उन्हात तासभर ठेवा, मग उघडून नाक आत घाला. वास आला तर ती बादली फरशी पुसायला ठेवा.

निळ्या पिंपांबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. दोनशे लिटरची ती एचडीपीईची पिंपं चाळीपासून शेतघरापर्यंत सगळीकडे दिसतात, आणि वापरलेली फार स्वस्त मिळतात. पण त्यांतून आधी काय आलं होतं? पॉलिथिन मिठाला दाद देत नाही. तेलकट रसायनं मात्र ते आत मुरवून घेतं. ज्यानं कधी रॉकेलचा जुना कॅन धुऊन पाहिला आहे, त्याला हे ठाऊक असेल. वर्ष झालं, सोडा-साबण झाला, तरी वास जात नाही. तो वास भिंतीच्या आतून येत असतो. खाद्यतेलाचं किंवा सरबताचं पिंप असेल आणि ते विकणारा छातीठोक सांगत असेल, तर एक वेळ घ्या. आधी काय होतं ते कळत नसेल तर फुकट मिळालं तरी नको. दोनशे लिटर खारं पाणी भरल्यावर त्याचं वजन दोनशेपाच किलो होतं, हेही गॅलरीत ठेवण्याआधी ध्यानात असू द्या.

भांडं चांगलं मिळालं, तरी पितळ दुसऱ्या दारानं आत येतं. काकूंच्या घरी आम्ही हंडा बाजूला केला आणि नवीन पांढरं पिंप आणलं. आणताना दुकानदारानं आपुलकीनं त्याला पितळी तोटी बसवून दिली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही. ती काढून प्लास्टिकची बसवली. मग मी सवयीनं आत हात घालून चाचपलं, तर पाणी आपोआप बंद करणाऱ्या बॉल कॉकची दांडीही पितळेची! नळीवरची आवळपट्टी, मोटरचा स्क्रू, झाकणाची बिजागरी, सगळीकडे लोहचुंबक फिरवा. पण चुंबकाला लोखंड कळतं, पितळ कळत नाही. त्यासाठी डोळेच लागतात.

शेवटी पाणी भरून ठेवल्यावरचं थोडं. मिठात पाणी ओतू नका, पाण्यात मीठ घाला, नाहीतर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन बसतो. झाकण हवं, नाहीतर वाफ होऊन खारटपणा चढतो. पिंप अपारदर्शक असावं, उजेड मिळाला की हिरवं शेवाळ येतंच. आणि कालवलेलं खारं पाणी निपचित ठेवू नका, आत छोटी मोटर फिरत राहू द्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं. आत एखादं सडकं पान, मेलेला किडा राहिला आणि प्राणवायू संपला, की काही जंतू त्या सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कोकणात खाजणातल्या तिवरांखाली पाय रुतल्यावर काळ्या चिखलातून जो सडक्या अंड्याचा वास येतो, तो हाच. पिंपातून तो आला तर पाणी थेट मोरीत ओता.

आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांना घरी आणण्याचा विचारही करू नये. मी इथे बोलतो आहे ते मासे, कोळंबी, शंख यांच्याबद्दल. ते जिथून येतात तिथल्या पाण्यात लाखो वर्षांत तांब्याचा हंडा कधी आला नव्हता.

काकूंचा हंडा पुन्हा ओट्याशेजारी आहे, त्यातलं पाणी घरची माणसं पितात. पांढऱ्या पिंपावर त्यांनी न पुसणाऱ्या शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘समुद्र. साबण लावू नये.’ टाकीत सक्रिय कार्बन घातला, दर आठवड्याला थोडं थोडं करत तीन महिने पाणी बदललं, जुने दगड काढून टाकले. मगच नवी कोळंबी आणली. परवा सकाळी त्यांचा फोन आला. टाकीच्या कोपऱ्यात काचेसारखी पारदर्शक, मिशांसकट अख्खी कात पडलेली होती आणि शेजारी कोळंबी चालत होती.

तुमच्या घरी अशी टाकी असेल, किंवा आणायचं मनात असेल, तर आज रात्री पाण्याची बादली पालथी करून तळाचा आकडा वाचा, आणि तोटी पितळेची असेल तर उद्याच बदला.